मंदीत धंदा वाढवायचा, तर आधी अडकलेला पैसा सोडवा

मंदी सगळ्यांना सारखीच येते, असे आपल्याला सांगितले जाते. पाऊसही सगळ्यांवर सारखाच पडतो. पण ज्याचे घर गळक्या पत्र्याचे, त्याचे अंथरूण भिजते आणि ज्याचा वाडा चिरेबंदी, तो खिडकीत बसून भजी खातो. बाजाराचेही तसेच आहे. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभर मंदी पसरली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मार्च २०२० च्या अखेरीस सारा देश कुलूपबंद झाला आणि पुढच्या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या मानाने जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरले. या प्रत्येक तडाख्यात काही दुकाने कायमची बंद झाली आणि काही दुकानांनी शेजारचा बंद पडलेला गाळा विकत घेतला. बंद पडणारे कोण आणि गाळा घेणारे कोण, हे पाहिले की मंदीलाही जात असते हे कळते.

आपला समाज आता धंद्यात उतरू लागला आहे. १९९१ नंतर सरकारी नोकऱ्या आटत गेल्या, कारखाने खासगी झाले, सफाईपासून शिपायापर्यंतची कामे ठेकेदारीत गेली. आरक्षणाची लढाई सोडायची नाहीच. पण शिकलेल्या पोराला नोकरीची जाहिरात निघेपर्यंत घरी बसवणे कुणाला परवडते? म्हणून कुणी फॅब्रिकेशनची शेड टाकली, कुणी छपाईचे यंत्र घेतले, कुणी कॅटरिंग, कुणी हाऊसकीपिंगचा ठेका, तर कुणी कपड्यांचे युनिट काढले. हे पहिल्या पिढीचे उद्योजक आहेत. बापजाद्यांची पेढी नाही, सासऱ्याची अडत नाही. मंदी आली की त्यांना वाटते, गिऱ्हाईक गेले म्हणून आपण बुडालो. वकिली करताना अशा अनेकांचे कागद माझ्यासमोर येतात. ते कागद वेगळेच सांगतात. बुडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांकडे शेवटच्या दिवशीही हातात काम होते. नव्हता तो पैसा. आणि तो पैसा त्यांचाच, दुसऱ्याच्या खिशात अडकलेला होता.

एमआयडीसीतील एका लहान कारखानदाराचे उदाहरण घ्या. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी शेड प्रत्येक वसाहतीत आहे. तो एका मोठ्या कंपनीला लोखंडी सांगाडे बनवून देतो. कंपनी आधी साठ दिवसांनी पैसे देत असे. मंदी आली तशी ती नव्वद आणि मग दीडशे दिवसांवर गेली. पत्रे-अँगल मात्र रोखीने घ्यावे लागतात, वीजबिल भरावे लागते, कामगाराला सात तारखेला पगार द्यावा लागतो. म्हणून त्याने दरमहा तीन टक्क्यांनी खासगी सावकाराकडून उचल घेतली. आता हिशेब करा. सावकाराला वर्षाला छत्तीस टक्के व्याज देऊन हा गरीब माणूस त्या कोट्यधीश कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होता! ऑर्डर वाढली तसे त्याचे कर्ज वाढले. मंदीत मोठ्यांची बचत होते ती अशी, लहानांच्या घामावर.

प्रस्थापित व्यापाऱ्यालाही उधारी चुकत नाही. पण त्याच्यामागे जात उभी असते. घाऊक व्यापारी नात्यातला, पतसंस्थेचा संचालक ओळखीचा, बँकेचा मॅनेजर लग्नकार्यात भेटणारा. त्याची जात हीच त्याची बँक. आपल्याकडे घर गहाण आणि बायकोचे मंगळसूत्र, एवढेच भांडवल. राष्ट्रीय नमुना पाहणीची २०१५-१६ ची ७३ वी फेरी पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के. देशातील सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांत त्यांच्या मालकीचे १२.४५ टक्के. हे ऐकून बरे वाटेल, पण पायऱ्या चढून पाहा. अगदी लहान, म्हणजे सूक्ष्म उद्योगांत वाटा १२.४८ टक्के, त्यावरच्या लघुउद्योगांत ५.५० टक्के, आणि मध्यम उद्योगांच्या रकान्यात शून्य पूर्णांक शून्य शून्य. आपली माणसे धंदा सुरू करतात, पण धंदा मोठा होत नाही. पहिल्या पायरीवर गर्दी आणि तिसऱ्या पायरीवर कुणीच नाही, या स्थितीला आळस म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

सरकारी मदतही याच पायऱ्यांवरून वाहते. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींच्या हमीची तातडीची कर्जयोजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे जेवढे कर्ज बाकी, त्याच्या वीस टक्के जादा कर्ज तारणाशिवाय मिळेल, असा नियम केला. म्हणजे ज्याला बँकेने आधी दारात उभे केले होते, त्यालाच मदत. ज्याला बँकेने कधी कर्जच दिले नाही, त्याच्या शून्याचे वीस टक्के किती? शून्यच!

ही अडवणूक नवी नाही. खुद्द बाबासाहेबांनी ती सोसली आहे. परदेशातून शिकून आल्यावर १९१७-१८ च्या काळात त्यांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जगन्मान्य ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचा सल्ला या बाजाराला विटाळाचा वाटला. गुणवत्ता असली की बाजार जात विचारत नाही, असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. याउलट कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा राजर्षी शाहू महाराज आपली गाडी तिथे थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावत. महाराजांनी भाषण केले नाही, ते गिऱ्हाईक झाले. सत्ता गिऱ्हाईक झाली की धंदा उभा राहतो, हा त्यातला धडा आहे.

आता महाराज नाहीत, पण संविधान आहे. त्याच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे आर्थिक हितसंबंध जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. आणि काही कायदे असे आहेत की, जे आपल्या उद्योजकाने वापरले तर मंदीत तो नुसता तगणार नाही, तर वाढेलही.

पहिला कायदा २००६ चा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिलेच पाहिजेत आणि ती मुदत, करारात काहीही लिहिलेले असो, पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर पंधरा दिवस. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच कायदा मानतो. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. समजा बँक दर सहा टक्के आहे. मग व्याज अठरा टक्के झाले. दहा लाखांचे बिल वर्षभर अडवले, तर जवळपास १ लाख ९५ हजार रुपये व्याज होते. हे व्याज मागायला गिऱ्हाइकाची मेहरबानी लागत नाही.

पैसे मिळाले नाहीत तर राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी ऑक्टोबर २०१७ पासून ‘समाधान’ हे पोर्टलही आहे. परिषद आधी तडजोड घडवते, ती फसली तर लवादाने निवाडा होतो. निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल, तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. तारखांवर तारखा पाडून लहान माणसाला थकवण्याचा मोठ्यांचा जुना डाव इथे अडतो. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात नवी तरतूद आली. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, जो खरेदीदार मुदतीत बिल चुकवत नाही, त्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत हिशेबात धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की त्याचा सीए तुमचे बिल शोधू लागतो. तुमच्या बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक असेल तर ते लवकर सापडेल.

इथेच आपले लोक मार खातात. नोंदणीच नसते. १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी सुरू आहे. ती फुकट होते, आधार आणि पॅन पुरेसे असते. एजंटाला हजारो रुपये देऊ नका. व्यवहार करण्याआधी नोंदणी करा. वाद झाल्यावर केलेल्या नोंदणीचा आधीच्या बिलांना उपयोग होतो का, यावर कोर्टात भांडणे चालतात आणि ते भांडण तुम्हाला परवडणारे नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीच्या कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. बांधकामाच्या ठेक्यांबाबतही न्यायालयांत वाद झाले आहेत, तेव्हा ठेकेदारांनी करार करण्यापूर्वीच वकिलाला दाखवावा. आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. नोंदणीत सामाजिक प्रवर्ग विचारतात. आपण बौद्ध झालो म्हणून काही बांधव तिथे ‘जनरल’ लिहितात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत. तो हक्क लढून मिळवला आहे, तो एका रकान्यात घालवू नका.

कारण दुसरा मार्ग त्याच रकान्यातून जातो. मंदीत खासगी गिऱ्हाईक हात आखडते. सरकारची खरेदी पूर्ण थांबत नाही. रेल्वेला, तेल कंपन्यांना, संरक्षण कारखान्यांना, सरकारी रुग्णालयांना गणवेश, फर्निचर, सुटे भाग, सफाई सेवा लागतातच. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्या यांनी ठरावीक वाटा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायचा असतो. तो आधी वीस टक्के होता, २०१९ पासून पंचवीस टक्के झाला. त्यातील चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. निविदेचा अर्ज मोफत, बयाणा रकमेची सूट. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो खाली आणून खरेदीचा वाटा मिळवता येतो. भागीदारी किंवा कंपनी असेल तर निदान एक्कावन्न टक्के हिस्सा आपल्या माणसाचा हवा. नाव आपले आणि गल्ला दुसऱ्याचा, असले धंदे करू नयेत. हे चार टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरेच राहिले आहे. एखाद्या खात्यात पदोन्नतीचा अनुशेष राहिला तर आपण मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. मग खरेदीच्या अनुशेषावर आपली संघटना कधी निवेदन देणार?

तिसरी गोष्ट बँकेची. हप्ते थकू लागले की आपला माणूस लाजेने बँकेत जाणे बंद करतो. हे घातक आहे. सलग नव्वद दिवस हप्ता थकला की खाते बुडीत ठरते आणि मग जप्तीची नोटीस येते. पंचवीस कोटींपर्यंतच्या कर्जाच्या लघुउद्योगांसाठी पुनरुज्जीवनाची चौकट रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. पण त्याचबरोबर कर्जदारानेही खाते बुडीत होण्याआधीच आपण लघुउद्योग असल्याचे कागद देऊन मागणी केली पाहिजे, असेही बजावले. म्हणून पहिला हप्ता चुकताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

आणि जिथे मंदीच्या नावाखाली जातच आडवी येते, तिथे गप्प बसू नका. गावात नवी पिठाची गिरणी टाकली म्हणून दळण द्यायचे नाही, दुकान टाकले म्हणून माल घ्यायचा नाही, असा फतवा निघाला तर तो आर्थिक बहिष्कार आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, २६ जानेवारी २०१६ पासून, अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे आणि धंदा करण्यास अडथळा करणे हे गुन्हे ठरले आहेत.

वाईट काळात उद्योग उभा राहतो याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या कल्पना सरोज यांनी २००६ मध्ये कमानी ट्यूब्ज या कर्जात, कोर्टकचेऱ्यांत आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांत रुतलेल्या कंपनीची धुरा घेतली. आधी बँकांशी बोलणी केली, देणी मिटवली, मग कारखान्याची घडी बसवली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यातला क्रम लक्षात घ्या. आधी हिशेब, मग विस्तार.

आपल्यातले काही विचारतील, बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटले, मग तुम्ही भांडवलदार व्हायला सांगता काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांना मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे हवे होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी ते मांडले. त्यांचा रोख माणसाला गुलाम करणाऱ्या मक्तेदारीवर होता, चार कामगारांसह स्वतः वेल्डिंग करणाऱ्यावर नव्हता. पण त्यातून आपल्या उद्योजकावर एक बंधन येते. मंदी आली म्हणून कामगाराचा पगार कापायचा, भविष्य निर्वाह निधी बुडवायचा, हे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री राहिलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही. वर थकबाकी मागायची आणि खाली मजुरी थकवायची, हा दुटप्पीपणा चालणार नाही.

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यात आणि चौथा भाग आपत्तीसाठी राखून ठेवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेला हा चौथा भाग म्हणजेच आजची गंगाजळी. आपण सुगीत गाडी घेतो, स्लॅब टाकतो, लग्नात उधळतो आणि मंदीत सावकाराचे दार ठोठावतो. किमान तीन महिन्यांचा पगार आणि कच्चा माल निघेल एवढी रक्कम बाजूला असेल, तर मंदी हीच संधी होते. तेव्हा गाळ्याचे भाडे उतरते, जुने यंत्र निम्म्या किमतीत मिळते, कसबी कारागीर मोकळा असतो. ज्याच्याकडे रोकड, त्याला हे सारे मिळते. मात्र ही रोकड साखळी मार्केटिंगमध्ये किंवा दामदुप्पट योजनेत घालू नका. मंदीत अशी टोळकी विहाराच्या ओट्यापर्यंत येतात आणि बोलणाराही आपल्यातलाच असतो.

शेवटी चळवळीला एक कडू प्रश्न. १४ एप्रिल आला की बॅनर, मंडप, निळे झेंडे, स्पीकर, भोजनदान, पुस्तिकांची छपाई, सगळ्याची ऑर्डर आपण अभिमानाने आपल्याच माणसाला देतो. चांगले आहे. पण त्याचे बिल कधी देतो? दिवाळीपर्यंत तो मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी खेटे घालतो आणि ‘समाजाचे काम आहे, समजून घे’ असे ऐकून परत जातो. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्या आपल्या प्रकाशकाचे पैसे वितरकांकडे अडकतात. मग पुढच्या वर्षी तो एक तर दर चढवतो किंवा दुकान बंद करतो, आणि आपण म्हणतो, आपल्या लोकांना धंदा जमत नाही! मोठी कंपनी जे आपल्याशी करते, तेच आपण आपल्या भावाशी करत आहोत.

म्हणून प्रत्येक जयंती मंडळाने, प्रत्येक विहार समितीने ठराव करावा : आधी वर्गणी, मग ऑर्डर, निम्मे आगाऊ, उरलेले पंधरा दिवसांत. विहारात महिन्यातला एक रविवार धंदेवाल्यांसाठी ठेवावा. आपल्या वकिलांनी आणि हिशेबनिसांनी तिथे बसून नोंदणी करून द्यावी, बिले तपासावीत, थकबाकीच्या नोटिसा लिहाव्यात. धनादेश परत आला असेल, तर बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, हे आठवण करून देणारे कुणी तरी असावे. गावोगावच्या बचत गटांनी आणि पतसंस्थांनी मंजूर झालेल्या बिलावर रास्त व्याजाने उचल द्यावी, म्हणजे तीन टक्क्यांच्या सावकाराचे पाय आपोआप लटपटतील.

मंदी आणखी येतील. त्या थोपवणे आपल्या हातात नाही. आपला कष्टाचा पैसा वेळेवर आपल्या हातात आणणे आणि दुसऱ्याचा वेळेवर देणे, हे मात्र आजपासून आपल्या हातात आहे. येत्या जयंतीला मिरवणुकीचा रथ सजवण्याआधी गेल्या जयंतीच्या मंडपवाल्याचे बिल चुकते करा. बाबासाहेबांना ते पहिले अभिवादन ठरेल. जयभीम!